परत येण्याची कारणे

आंधळगावच्या बसथांब्यामागे माझं सेतू केंद्र.
उत्पन्नाचा दाखला, जातीचा, पीकविमा,
मेलेल्या माणसाचं रेशनकार्डातून नाव कमी करणे.
अकरा वर्षांत असा अर्ज नाही
ज्यातली लाल चांदणी माझ्या नजरेतून सुटली.

मे महिन्यात रेणुका आली, पेनड्राइव्ह मुठीत.
“दादा, व्हिसाचा भरता येते का जी?”
मी म्हटलं, येते.
येत नव्हतं.

पहिल्याच पानावर अडलो.
नावाला रकाना, आडनावाला रकाना,
बापाला जागाच नाही.
आमच्याकडे बाप मधोमध असतो.
शेवटी डोमाजीकाकांना लेकीच्याच रकान्यात सरकवलं,
एसटीच्या बाकावर तिसरा बसतो तसं.

आई मार्कशीटवर ताराबाई, आधारवर तानाबाई.
जन्म?
“तान्ह्या पोळ्याची हावो मी,
पूर मारुतीच्या पायरीले लागला त्या सालची.”
मी एक जानेवारी निवडली.
गावातल्या निम्म्या बाया एक जानेवारीच्याच आहेत.

फोटो परत आला : पार्श्वभूमी पांढरी नाही.
विणकराच्या घरात कापडाला तोटा नाही,
पण सगळं कोशाच्या रंगाचं.
मग माझीच भिंत. लसीकरणाचं पोस्टर काढलं,
खाली चुना तेवढा चौकोनी, नवा राहिला होता.
त्यात ती उभी राहिली. कान दिसले पाहिजेत.
हसायचं नाही. मग तर हसूच येत राहिलं.

पैसे खात्यात अठ्ठावीस दिवस हलता कामा नयेत.
काका रोज बँकेत जाऊन पासबुक छापून आणत,
आकडा झोपलेला आहे ना, बघायला.
शाई संपत आली म्हणून शिपाई रागावला.

“बुरशीवर शिकाले जाते म्हणे,” काकू म्हणाल्या,
“इथं काय कमी हाये का बुरशी?”

आणि मग नवव्या पानावर
चांदणीसकट :
शिक्षणानंतर आपण मायदेशी का परत याल?
कारणे लिहा. तीनशे अक्षरे.

पंखा थांबला. लाइट गेली होती.
इन्व्हर्टरवर फक्त पडदा उजळ, आणि ती उभी रेघ
लुकलुकत.
रेणुका म्हणाली, “लिहा, आई आणि बाबा.”
दारातून काकू :
“आमचं नोको लिहू.
आमच्यासाठी काऊन येशीन?”

कुणीच काही बोललं नाही.
रस्त्यावरून तुमसरची गाडी गेली, रिकामीच.

मी पुण्याहून आठ महिन्यांत परत आलो होतो.
मला कुणी रकाना दिला नव्हता.
दिला असता तर काय लिहिलं असतं,
ते त्या अंधारात शोधत बसलो.
जेवण, म्हणालो असतो बहुतेक.
किंवा काहीच नाही.

तिनं पडदा स्वतःकडे वळवला.
दोन बोटांनी टाइप करत राहिली, खोडत राहिली.
दोनशे अकरा अक्षरं.
मी वाचली नाहीत.
लाल ओळ गेली, एवढं पाहिलं.

जूनमध्ये ती विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेली, ठसे द्यायला.
दुपारी फोन आला :
“दादा, दाही बोटं एका झटक्यात उठली!”

फोन मी स्पीकरवर ठेवला होता,
काकू समोरच होत्या, रेशनच्या केवायसीला.
मांडीवर कोसा वळून वळून
अंगठ्याच्या रेषा कधीच पुसल्या गेलेल्या.
लेकीला त्यांनी सुताला हात लावू दिला नव्हता,
हे मला गावानं सांगितलेलं, त्यांनी नाही.

मशीन चौथ्यांदा म्हणालं, ठसा जुळत नाही.
त्यांनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला.
फोनमधून ती विचारत होती, आई आहे का तिथं?

मी म्हटलं, काकू,
डावा देऊन पाहा.